चाहत्याची साक्ष

आवड ही माणसाला मिळालेल्या मोकळिकींपैकी एक आहे. कुणाला आंबा आवडतो, कुणाला फणस. कुणाला पहाटेचा एकांत रुचतो, कुणाला गजबजलेला बाजार. यासाठी कुणी कुणाला जाब विचारत नाही आणि विचारूही नये. परंतु आवडीच्या पाठोपाठ मत येते, मताच्या पाठोपाठ वाद येतो आणि वादाच्या भरात माणूस असे काही बोलून जातो, की त्याचा आवडीशी काहीच संबंध उरलेला नसतो. ते कुणा तिसऱ्याच माणसाच्या अब्रूविषयीचे विधान झालेले असते. आवड कोठे संपते आणि साक्ष कोठे सुरू होते, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न आहे. आज लाखो तरुण ज्या क्षेत्रात हा प्रश्न रोज नकळत ओलांडतात, ते क्षेत्र म्हणजे दक्षिण कोरियाचे लोकप्रिय संगीत, म्हणजेच के-पॉप, आणि त्याच्या चाहत्यांचे आपसांतील वाद. त्या उदाहरणाच्या आधारे हा प्रश्न तपासून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दोन गोष्टी आरंभीच स्पष्ट केलेल्या बऱ्या. संगीताचा शरई हुकूम काय, हा स्वतंत्र विषय असून त्यावर विद्वानांनी विस्ताराने लिहिले आहे. त्याची चर्चा येथे करावयाची नाही. जो ऐकत नाही, त्याच्या जिभेलाही पुढील नियम लागू आहेत. आणि जो ऐकतो, त्याला ‘तू तसाही ऐकतोसच, मग जिभेचे काय घेऊन बसलास’ असे म्हणून कुणी सूट देऊ शकत नाही. दुसरी गोष्ट अशी की, हा विषय आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. सोल हे शहर दूर आहे. परंतु बीटीएस आणि ब्लॅकपिंक ही नावे आपल्या घरातील मुलामुलींना ठाऊक आहेत. कोणता समूह श्रेष्ठ यावरून मैत्रिणींत अबोला धरला जातो आणि घरातील वडीलधाऱ्यांना त्या अबोल्याचे कारणही कळत नाही.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १९९६ साली कोरियात एच.ओ.टी. हा पाच मुलांचा समूह रंगमंचावर आला आणि पुढच्याच वर्षी सेक्स्कीस हा सहा जणांचा दुसरा समूह आला. पहिल्याचे चाहते पांढरे फुगे घेऊन येत, दुसऱ्याचे पिवळे. शाळकरी वयाच्या या चाहत्यांचे तट इतके कडवे होते की, त्यांची भांडणे ही त्या काळाची ओळखच बनली. २०१२ साली कोरियात त्या दिवसांवर ‘रिप्लाय १९९७’ नावाची दूरचित्रवाणी मालिका निघाली, तेव्हा फुग्यांचे ते दोन रंग तिच्यात आवर्जून दाखवावे लागले. पुढे समूह वाढले, कंपन्या वाढल्या, चाहते जगभर पसरले. प्रत्येक समूहाच्या चाहत्यांना स्वतःचे नाव मिळाले. बीटीएसचे चाहते स्वतःला ‘आर्मी’ म्हणवतात, ब्लॅकपिंकचे ‘ब्लिंक’. फुग्यांच्या जागी प्रत्येक समूहाचा वेगळा दिवा आला. वाद मात्र तेच राहिले: कोण मोठा, कोण खरा, कोणी कोणाची नक्कल केली, समूहातील कोणाला पुढे केले जाते आणि कोणाला मागे ठेवले जाते.

या वादांत जे बोलले जाते, त्याचे तीन प्रकार आहेत आणि ते वेगवेगळे ठेवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पहिला प्रकार रुचीचा. ‘मला अमुक समूहाची गाणी अधिक आवडतात’ या विधानाला पुरावा लागत नाही आणि त्याचे खंडनही होत नाही. दुसरा प्रकार परीक्षणाचा. ‘अमुक गायिकेचा आवाज वरच्या स्वरांत डगमगतो’, ‘या अल्बममध्ये नवे काही नाही’ ही विधाने चूक किंवा बरोबर ठरू शकतात; पण त्यांचा पुरावा सर्वांसमोर उघडा आहे. गाणे ऐकावे, नृत्य पाहावे आणि आपले मत मांडावे. कलावंताने आपली कृती लोकांपुढे ठेवली, तेव्हाच तिच्यावरचे मतही त्याने ओढवून घेतले. तिसरा प्रकार साक्षीचा आहे. ‘तो गर्विष्ठ आहे’, ‘ती आपल्या सहकारिणीचा मत्सर करते’, ‘त्याने अमक्याला फसवले’. ही विधाने एका जिवंत माणसाच्या अंतःकरणाविषयी आणि आचरणाविषयी आहेत. त्यांचा पुरावा कोणता असतो? पुरस्कार सोहळ्यात दुसऱ्याचे नाव पुकारले गेले तेव्हा टाळी वाजवली नाही असे दाखवणारी चार सेकंदांची चित्रफीत, किंवा कॅमेऱ्याने टिपलेली एखादी नजर. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे. पण त्यासाठी शीत निदान त्याच भांड्यातले असावे लागते. चार सेकंदांवरून माणसाची परीक्षा होत नाही.

मराठीने हा भेद आपल्या वाक्यरचनेत किती सुंदर जपला आहे पाहा. ‘मला तो आवडत नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा वाक्याच्या आरंभी ‘मला’ असते. नावड माझ्यापाशी आहे, तिची जबाबदारी माझी आहे. ‘तो वाईट आहे’ असे म्हणताच ‘मला’ निघून जातो आणि दोष थेट त्याच्या अंगावर जाऊन बसतो. वादाच्या भरात हे अंतर क्षणात कापले जाते. रुचीचे वाक्य साक्षीचे होते आणि बोलणाऱ्याला वाटत राहते की, आपण अजूनही फक्त आवडीविषयीच बोलत आहोत.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: ही तर पोरांची करमणूक, त्यात साक्ष आणि न्याय कशाला आणता? ज्यांना असे वाटते, त्यांनी टॅब्लो या कलावंताची हकीकत लक्षात घ्यावी. टॅब्लो हा ‘एपिक हाय’ या कोरियन हिपहॉप समूहाचा कवी-गायक. त्याने अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातून इंग्रजी साहित्याची पदवी आणि पदव्युत्तर पदवी घेतली होती. २०१० साली काही लोकांनी शंका काढली की, एवढ्या कमी वर्षांत दोन पदव्या मिळतीलच कशा? बघता बघता त्या शंकेभोवती लाखाहून अधिक माणसे जमली. त्याने गुणपत्रके दाखवली. ती खोटी असल्याचे सांगितले गेले. विद्यापीठाने दुजोरा दिला. तेव्हा त्या नावाचा विद्यार्थी दुसराच असून याने त्याची ओळख चोरली आहे, असे म्हटले गेले. दूरचित्रवाणीचे पथक त्याला घेऊन विद्यापीठात गेले, नोंदी समोर आल्या, तरी शंका संपली नाही. अखेर ऑक्टोबर २०१० मध्ये पोलिसांनी पदव्या खऱ्या असल्याचे जाहीर केले आणि २०१२ मध्ये न्यायालयाने आरोप करणाऱ्यांपैकी काही जणांना बदनामीबद्दल शिक्षा ठोठावली. तोवर त्या माणसाची आणि त्याच्या कुटुंबाची उमेदीची वर्षे करपून गेली होती. त्या लाखभर लोकांपैकी बहुतेकांना, आपण कुणावर अन्याय करीत आहोत, असे एकदाही वाटले नसेल. त्यांच्या लेखी ते केवळ प्रश्न विचारीत होते.

मग शंका घेणेच वाईट आहे काय? नाही. याच देशातील दुसरे उदाहरण पाहा. ‘प्रोड्यूस एक्स १०१’ ही गायक निवडण्याची स्पर्धा जुलै २०१९ मध्ये संपली. विजेते प्रेक्षकांच्या मतांनी ठरणार होते. निकालातील आकडे पाहताना चाहत्यांच्या लक्षात आले की, उमेदवारांच्या मतांतील फरक पुन्हा पुन्हा तोच येत आहे. खऱ्या मतमोजणीत असे घडणे जवळजवळ अशक्य. त्यांनी आकडे मांडले, एकत्र येऊन रीतसर तक्रार केली आणि तपास यंत्रणेला तिचे काम करू दिले. निर्मात्याने मतांत फेरफार केल्याचे उघड झाले, २०२० मध्ये त्याला दोन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली आणि वरिष्ठ न्यायालयांतही ती कायम राहिली. स्पर्धेतून घडलेला समूह मात्र जानेवारी २०२० मध्येच विसर्जित झाला. ज्या मुलांचा या फेरफारात हात नव्हता, त्यांनाही झळ बसली. न्याय्य तक्रारीचीही किंमत कुणा निरपराध्याला मोजावी लागते, हे यावरून दिसते. म्हणूनच तक्रार करणाऱ्याने अधिक जपून पावले टाकावयाची असतात.

दोन्हीकडे शंकाच होती. भेद कोठे पडला? एका ठिकाणी शंका सार्वजनिक व्यवहाराविषयी होती. दुसऱ्या ठिकाणी एका व्यक्तीच्या खाजगी पूर्वायुष्याविषयी. एका ठिकाणी पुरावा आधी होता, आरोप नंतर आला. दुसऱ्या ठिकाणी आरोप आधी आला आणि प्रत्येक विरोधी पुरावा त्याच आरोपाचे नवे इंधन बनला. एका ठिकाणी निर्णय ज्यांचा अधिकार होता त्यांच्यावर सोपवला गेला. दुसऱ्या ठिकाणी जमाव स्वतःच काजी होऊन बसला. कुरआनच्या सूरह अल-हुजुरातमध्ये आधी आलेल्या बातमीची शहानिशा करण्याचा आदेश येतो आणि त्यानंतर काही आयतींतच दुराग्रही संशय, पाळत आणि पाठीमागची निंदा यांना मनाई केली जाते. शहानिशा आणि संशय या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात, परंतु त्यांच्या दिशा परस्परविरुद्ध आहेत. शहानिशा करणारा आपण चुकीचे ठरण्याची तयारी ठेवून निघतो. संशयाने पछाडलेल्याजवळ ही तयारी नसते.

आता दुसरा आणि अधिक खोल प्रश्न. या कलावंतांना कोरियात ‘आयडॉल’ म्हणतात. हा शब्द ऐकताच माझ्यासारख्या मदरशात शिकलेल्या माणसाचे कान टवकारतात, हे उघड आहे. माणसाला देवत्व दिले जात आहे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण नीट पाहिले तर येथील धोका वेगळ्या जातीचा आहे. पुतळ्याला स्वतःची इच्छा नसते. त्याने थकायचे नसते, बदलायचे नसते, कुणावर प्रेम करायचे नसते. घडवणाऱ्याने जसे उभे केले तसे त्याने उभे राहायचे. जिवंत माणसाकडून हीच अपेक्षा केली जाते, तेव्हा आपण त्याला फार उंच नेत आहोत असे वाटते. प्रत्यक्षात आपण त्याच्याकडून त्याचे माणूसपण काढून घेत असतो.

फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस ‘एस्पा’ या समूहातील करीना आणि एक अभिनेता यांच्या मैत्रीची बातमी फुटली. काही चाहत्यांनी विद्युतफलक लावलेला ट्रक तिच्या कंपनीच्या कार्यालयाबाहेर उभा केला. आमचे प्रेम तुला पुरले नाही का, माफी मागितली नाहीस तर अल्बमची विक्री घटेल, अशा आशयाचा मजकूर त्यावर झळकत होता. ५ मार्च रोजी तिने स्वहस्ताक्षरात क्षमापत्र लिहिले. एप्रिलच्या आरंभी ते दोघे वेगळे झाल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘राइझ’ या समूहातील सुंगहान याचे उदाहरण घडले. समूहात येण्यापूर्वीची त्याची खाजगी छायाचित्रे कुणीतरी बाहेर फोडल्यामुळे तो अकरा महिने दूर ठेवला गेला होता. ११ ऑक्टोबरला त्याच्या पुनरागमनाची घोषणा झाली आणि संतप्त चाहत्यांनी कंपनीच्या दारात अंत्यसंस्काराला पाठवतात तशी पुष्पचक्रे रांगेने उभी केली. दोन दिवसांत, १३ ऑक्टोबरला, त्याने समूह सोडल्याचे जाहीर झाले. जगाच्या इतर भागांतील अनेक चाहत्यांनी याचा तीव्र निषेध केला, हेही येथे नोंदवले पाहिजे.

इस्लामी आचारात विवाहापूर्वीच्या मैत्रीविषयी जी मर्यादा आहे ती आहेच. तिच्यात काही फेरबदल सुचवण्याचा प्रश्न येत नाही. पण त्या ट्रकवरील तक्रार मर्यादाभंगाची नव्हती. ती मालकीहक्काच्या भंगाची होती. जिवंत माणसाच्या दारात मृताची फुले पाठवणारे हात शत्रूचे नव्हते; काल त्याच समूहासाठी दिवे हलवणारे ते हात होते. प्रेमात आणि वैरात संयम राखावा, कारण आजचा मित्र उद्या शत्रू होऊ शकतो आणि आजचा शत्रू मित्र, ही शिकवण हजरत अली (रजि.) यांच्याकडून सांगितली जाते. चाहत्यांच्या जगात त्याचा प्रत्यय वारंवार येतो. ज्याने प्रेमाला मर्यादा घातली नाही, त्याच्या रागालाही मर्यादा राहत नाही.

येथे दुसरा आक्षेप पुढे येतो. हे कलावंत प्रसिद्धी स्वेच्छेने पत्करतात, तिच्यावर पैसा मिळवतात. मग लोकांचे बोलणे ही प्रसिद्धीची किंमत नव्हे काय? या युक्तिवादात तथ्य किती आहे हे मोजून पाहू. चाहत्याने अल्बम विकत घेतला, त्याला गाणी मिळाली. त्यात समूहातील एकाचे छोटे छायाचित्र मिळाले; हवे ते छायाचित्र मिळावे म्हणून त्याने तोच अल्बम पुन्हा पुन्हा घेतला, तर तो व्यवहारही तेथेच पूर्ण झाला. कार्यक्रमाचे तिकीट काढले, कार्यक्रम पाहिला. यातील कोणत्या पावतीवर त्या माणसाचे उरलेले आयुष्य लिहून दिलेले असते? भाजी विकणाऱ्याकडून आपण भाजी घेतो, म्हणून त्याच्या घरात डोकावण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. कंपन्यांनी ‘हे सारे तुमचेच आहेत’ असा आभास जाणूनबुजून निर्माण केला आहे, तटांच्या चुरशीवर विक्री वाढते हेही त्यांना ठाऊक आहे. पण विक्रेत्याने जे त्याचे नव्हते तेही विकल्याचा देखावा केला, म्हणून घेणाऱ्याला त्याचा हक्क प्राप्त होत नाही. फिक्हचा आरंभीचा विद्यार्थीही हे जाणतो.

आणि ही किंमत कोण मोजतो? एफ(एक्स) या समूहातील सुली पंधराव्या वर्षी, २००९ साली, गायिका म्हणून लोकांसमोर आली. तिच्या मैत्रीवर, कपड्यांवर, हसण्यावर वर्षानुवर्षे शेरेबाजी झाली. २०१९ मध्ये ती एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाची सूत्रसंचालिका होती. त्या कार्यक्रमात कलावंत स्वतःविषयीच्या द्वेषाने भरलेल्या प्रतिक्रिया कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवीत. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला, वयाच्या २५ व्या वर्षी, ती हे जग सोडून गेली. कुणाच्याही मृत्यूचे कारण एका गोष्टीत शोधू नये. माणसाच्या अंतर्मनाची सारी उलाढाल केवळ अल्लाहच जाणतो. परंतु कोरियन समाजाने आरशात पाहिले, एवढे खरे. ‘दाउम’ या मोठ्या वृत्तसेवेने त्याच महिन्याच्या अखेरीस मनोरंजनाच्या बातम्यांखालील वाचकांच्या प्रतिक्रियांची सोय बंद केली आणि मार्च २०२० मध्ये ‘नेव्हर’ या सर्वांत मोठ्या सेवेनेही तेच केले. ऐकलेले सारे पुढे सांगत सुटणे हेच माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे, या आशयाची प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. एका तंत्रज्ञान कंपनीला त्या शिकवणीची सावली आपल्या व्यवहारात आणावी लागली. परंतु दार बंद केल्याने जीभ शिकत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण आहे. ‘प्रेम निःपक्षपाती कसे असेल? जो दोन्ही बाजू तोलत बसतो, तो चाहता कसला?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आई आपल्या मुलावर शेजारच्या मुलापेक्षा अधिक प्रेम करते आणि आपण तिला अन्यायी म्हणत नाही. मग चाहत्यालाच का म्हणावे?

याचे उत्तर असे की, जे आपले आहे ते आपण आवडीप्रमाणे वाटू शकतो. आपला वेळ, कौतुक, माया आपली आहे. ती आई आपल्या मुलाला अधिक देते, चाहता आपल्या समूहाला अधिक देतो. पण सत्य आपल्या मालकीचे नाही. ते आवडत्याला थोडे जास्त आणि नावडत्याला थोडे कमी, असे वाटता येत नाही. शेजारच्या मुलावर चोरीचा आळ आला, तर ‘माझ्या मुलाला वाचवायचे आहे’ म्हणून आईने खोटी साक्ष देऊ नये. न्यायावर उभे राहा, मग ते स्वतःविरुद्ध वा आईवडिलांविरुद्ध का असेना, असा आदेश सूरह अन-निसामध्ये आहे. आणि एखाद्या गटाच्या वैरामुळे न्याय सोडू नका, असा सूरह अल-माइदामध्ये. पहिला आदेश प्रेमाला आवरतो, दुसरा द्वेषाला.

आपल्या पूर्वजांनी हे केवळ सांगितले नाही, त्याचे शास्त्र उभारले. हदीसचे रावी विश्वासार्ह आहेत की नाहीत, हे ठरवताना विद्वानांना माणसांच्या गुणदोषांविषयी बोलणे भागच होते. त्या शास्त्राला ‘जरह व तअदील’ म्हणतात. त्याचे नियम आजच्या कोणत्याही चाहत्याने उशाशी ठेवावेत असे आहेत. गरज असेल तेवढेच बोलावे. एक दोष सांगून काम भागत असेल तर दुसरा उच्चारू नये. ज्याचा रिवायतीशी संबंध नाही त्याच्या दोषांना हात लावू नये. आणि समकालीन प्रतिस्पर्ध्यांनी एकमेकांविषयी काढलेले उद्गार पुराव्याशिवाय स्वीकारू नयेत. इमाम मालिक (रह.) यांनी सीरतचे लेखक इब्ने इसहाक यांच्याविषयी अत्यंत कठोर शब्द वापरले होते. इमाम मालिक यांच्याविषयी नितांत आदर असलेल्या नंतरच्या विद्वानांनीही ते शब्द जसेच्या तसे उचलले नाहीत. दोघे समकालीन होते आणि त्यांच्यात तेढ होती, हे त्यांनी विचारात घेतले. एवढ्या मोठ्या इमामांच्या बोलण्यालाही जर ही चाळणी लागते, तर एका समूहाच्या चाहत्याने दुसऱ्या समूहाविषयी सांगितलेली गोष्ट आपण कोणत्या चाळणीतून गाळून घेतो? दुसऱ्या बाजूचे उदाहरण अली इब्नुल मदीनी (रह.) यांचे. त्यांना स्वतःच्या वडिलांच्या रिवायतीविषयी विचारले गेले, तेव्हा त्यांनी वडील या बाबतीत दुर्बळ असल्याचे सांगितले, असे नमूद आहे. वडिलांवरचे प्रेम कमी झाले नव्हते. प्रेमाला साक्षीच्या आसनावर बसू दिले नाही, एवढेच.

हे चाहत्यांना जमत नाही असे नाही. जून २०२० मध्ये ब्लॅकपिंकच्या एका गाण्याच्या चित्रफितीत गणेशाची मूर्ती जमिनीवर, शोभेच्या वस्तूसारखी ठेवलेली दिसली. भारतातील त्यांच्याच चाहत्यांनी हरकत घेतली: आम्हाला हे गाणे आवडते, हा समूह आवडतो, पण कोट्यवधी लोकांचे श्रद्धास्थान असे वापरणे योग्य नाही. काही दिवसांतच मूर्ती त्या चित्रफितीतून काढली गेली. इतरांच्या श्रद्धेय वस्तूंची अवहेलना करू नये हे आपल्या धर्मानेही आपल्याला शिकवले आहे, म्हणून ही तक्रार आपल्यालाही पटावी. तिची रीत पाहा: कृतीवर बोट, व्यक्तीच्या हेतूवर नाही, दुरुस्ती झाली की विषय संपला. अन्याय करणाऱ्या बांधवालाही मदत करावी आणि ती मदत म्हणजे त्याचा हात अन्यायापासून रोखणे, ही प्रेषितांची (स.) शिकवण येथे आठवते. त्याच महिन्यात बीटीएसने अमेरिकेतील वर्णभेदविरोधी चळवळीला १० लाख डॉलर दिले, तेव्हा त्यांच्या चाहत्यांनी एका दिवसात तेवढीच रक्कम उभी केली. या तरुणांच्या प्रेमात केवढे बळ आहे हे त्यावरून दिसते. म्हणून त्यांना वेडे म्हणून झटकून टाकणे हाही एक अन्यायच होईल.

आणि झटकणारे आपण कोण? वाचकहो, घटकाभर सोलचे पुष्पचक्र बाजूला ठेवून आपल्या मोहल्ल्यातील चहाच्या टपरीवर बसू या. आपल्या आवडत्या वक्त्याचे चुकले, तर आपण ‘त्यांच्या म्हणण्याचा अर्थ वेगळा होता’ असे म्हणतो. दुसऱ्या मसलकच्या वक्त्याचे तेच चुकले, तर त्याच्या ईमानापर्यंत जाऊन पोहोचतो. अर्धी कापलेली चित्रफीत पुढे पाठवताना ती पूर्ण ऐकण्याचे कष्ट घेत नाही. एखाद्या संस्थेच्या व्यवहाराविषयी रीतसर हिशेब मागण्याचे धैर्य आपल्याजवळ नसते, पण तिच्या चालकाच्या घरातील गोष्टी मात्र आपल्याला इत्थंभूत ठाऊक असतात. पांढऱ्या आणि पिवळ्या फुग्यांना हसणाऱ्या आपल्या हातांतही फुगे आहेत. फरक एवढाच की, कोरियातील शाळकरी मुले आपल्या भांडणाला दीन म्हणत नव्हती.

मुले हा पक्षपात फुटकळ गाण्यांपासून शिकत नाहीत. तो ती दस्तरख्वानावर, मोठ्यांच्या बोलण्यातून शिकतात. म्हणून उपायही तेथूनच सुरू व्हावा. मुलीने सांगितले की अमुक गायिका फार गर्विष्ठ आहे, तर ‘असली नावे घरात घेऊ नकोस’ म्हणून तिला गप्प करू नका. गप्प झालेली मुलगी तेच वाक्य दुसरीकडे बोलेल. तिला शांतपणे एवढेच विचारा: ‘बेटी, ती तुला आवडत नाही, की ती तशी आहे हे तुला माहीत आहे?’ ती थोडा विचार करील. मग तिला हेही सांगा, की पहिले उत्तर असेल तर ते तसेच सांगावे, त्यात काही वावगे नाही. आणि दुसरे असेल, तर कोठून माहीत झाले आणि ते सांगण्याची गरज काय, हे दोन प्रश्न अजून उरतात. आणि दुसऱ्या दिवशी जेवताना आपण स्वतः कुणा शेजाऱ्याविषयी, कुणा मौलानाविषयी, कुणा नेत्याविषयी बोलू लागलो आणि तिने हाच प्रश्न आपल्याला विचारला, तर रागावू नका. उत्तर द्या.

अल्लाह आपल्या सर्वांच्या प्रेमाला मर्यादा देवो आणि आपल्या जिभेला न्यायाची सवय लावो. आमीन.